ते १ कोटी २८ म्हणतायत, आपण किती म्हणायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोथरूडमध्ये डहाणूकर कॉलनीजवळ २००४ सालच्या इमारतीत दोन बेडरूमचा फ्लॅट आवडलाय. कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, ७२० चौरस फूट, चौथा मजला, लिफ्ट, झाकलेलं पार्किंग. मालक निवृत्त जोडपं, त्यांना बाणेरला मुलाजवळ जायचंय. फ्लॅट पाच महिने बाजारात आहे. मागणी १ कोटी २८ लाख. मेव्हणे म्हणतात वीस टक्के कमीने सुरुवात करा, एजंट म्हणतो लाख-दोन लाख सुटतील, फार ताणू नका. मग नेमकं किती सांगायचं?

मी तेवीस वर्षं कोथरूड, कर्वेनगर, वारजे या पट्ट्यात रिसेलचे व्यवहार जुळवतोय. म्हणजे ज्या एजंटवर तुमचा पूर्ण भरवसा नाही, त्याच जातकुळीतला. त्याची बाजू आधी सांगून टाकतो. तुमचे दोन लाख वाचले तर एक टक्क्याने त्याची दलाली दोन हजारांनी कमी होते, त्याने काही बिघडत नाही. पण व्यवहार मोडला तर लाखाच्या वर जातात. त्यामुळे तो खोटं बोलत असेलच असं नाही, त्याला फक्त घाई आहे. ‘ताणू नका’ हे त्याचं वाक्य त्या घाईतून आलंय, बाजारातून नाही.

आता मेव्हण्यांचे वीस टक्के. टक्क्यांत बोललं की मालकाचा आकडा आपण खरा धरून चालतो आणि त्यातून वजा करत बसतो. तो आकडा कसा जन्माला येतो ते मी अनेक दिवाणखान्यांत चहा पीत बघितलंय. काकांना खालच्या मजल्यावरचा कुणीतरी सांगतो, ‘समोरचा एक वीसला गेला.’ तो खरं तर एक चौदाला गेलेला असतो. मुलगा म्हणतो, आपला फ्लॅट त्याच्यापेक्षा चांगला, एक बावीस धरा. मग काकू म्हणतात, लोक कमी करायला सांगतातच, तीन वाढवून ठेवा. शेवटी एजंट येतो. त्याला काम मिळवायचं असतं, तो म्हणतो एक अठ्ठावीसला टाकू, बघू काय होतंय. झाली मागणी तयार. दुसऱ्या घरी हेच काका बँकेत नोकरी केलेले, हिशेबी असतात आणि पहिल्याच दिवशी खरा भाव सांगून मोकळे होतात. दोन्हीकडे वीस टक्के कमी सांगितलं, तर पहिल्यांना तुम्ही समजूतदार वाटाल आणि दुसरे तुम्हाला चहासुद्धा विचारणार नाहीत.

तेव्हा १ कोटी २८ लाख हा आकडा दोन दिवस विसरा आणि स्वतःचा काढा.

नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च आहे, त्यात फुकट शोध घेता येतो. जिल्हा, तालुका, गाव, वर्ष आणि मिळकतीचा नंबर घालायचा. सर्व्हे नंबर एजंटकडे असलेल्या जुन्या करारनाम्याच्या प्रतीत असतो. समोर येतो तो इंडेक्स टू, म्हणजे सूची क्रमांक २, नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा. त्यात दोन आकडे बघायचे: मोबदला, म्हणजे प्रत्यक्ष लिहिलेली किंमत, आणि बाजारभाव, म्हणजे रेडी रेकनरने, सरकारच्या भागवार दरांच्या तक्त्याने, काढलेली किंमत. शिवाय क्षेत्रफळ आणि तारीख. जाहिरातींतले भाव बघत बसू नका. ते सगळे तुमच्या काकांसारख्याच काकांनी ठरवलेले आहेत.

दोन सापळे आहेत. एक क्षेत्रफळाचा. जुन्या दस्तात कुठे बिल्टअप (भिंती धरून) लिहिलेलं असतं, कुठे कार्पेट, आणि बोलताना सगळे ‘सेलेबल हजार फूट’ म्हणतात, म्हणजे जिने-लिफ्टचा वाटाही धरून. तुलना कार्पेटला कार्पेटशीच करायची. शंका आली तर टेप घेऊन जा, मोजायला अर्धा तास लागतो. काही फ्लॅटांत आत घेतलेली बाल्कनीही कार्पेटमध्ये मोजून सांगतात. दुसरा सापळा रोखीचा. ज्या व्यवहारात काही रक्कम टेबलाखालून गेली, तिथे नोंदलेली किंमत खरी नसते. मोबदला जवळजवळ रेकनरच्या आकड्यालाच चिकटलेला दिसला की मी तो दस्त बाजूला ठेवतो. त्याच खरेदीवर बँकेच्या गहाणाची सूचना, नोटीस ऑफ इंटिमेशन, नोंदलेली दिसली, तर तो आकडा जास्त भरवशाचा. बँकेचं कर्ज मोठं हवं असेल तर लोक किंमत लपवत नाहीत.

समजा तुम्हाला तीन चांगले दस्त मिळाले. तुमच्याच इमारतीतला ७२० फुटांचा, चौदा महिन्यांपूर्वी १ कोटी १२ लाखांना. शेजारच्या इमारतीतला ६९० फुटांचा, पाच महिन्यांपूर्वी १ कोटी १४ लाखांना. त्याच गल्लीतला ७६० फुटांचा, पूर्ण नूतनीकरण केलेला, आठ महिन्यांपूर्वी १ कोटी २७ लाखांना. (हे आकडे मी उदाहरणासाठी घेतलेत, तुमचे तुम्ही काढा.) फुटाला पडतात साधारण १५,५५०, १६,५०० आणि १६,७००. पहिला जुना झाला, तिसऱ्याचं काम झालेलं होतं. मी मधला धरेन. ७२० गुणिले १६,५००, म्हणजे १ कोटी १९ लाखांच्या जरा आत. चांगल्या स्थितीतल्या अशा फ्लॅटची ही किंमत.

तुमचा फ्लॅट चांगल्या स्थितीत आहे का, ते आता बघायचं. वीस वर्षांच्या इमारतीत मी नवीन फरश्या आणि रंगाकडे बघतच नाही. न्हाणीघराच्या मागच्या भिंतीवर, म्हणजे बेडरूमच्या बाजूने, हात फिरवतो. रंग फुगलेला असतो किंवा मिठासारखं पांढरं आलेलं असतं. कपाट नेमकं त्याच भिंतीला लावलेलं असेल तर कपाटामागे मोबाइलचा उजेड टाकतो. मग खालच्या मजल्यावर जाऊन बेल वाजवतो आणि विचारतो, वरून गळतं का? खालची माणसं हे अगदी मनापासून सांगतात. दोन्ही न्हाणीघरांचं वॉटरप्रूफिंग, पाइप आणि जुनं वायरिंग धरलं तर तीन ते साडेतीन लाख कुठे जात नाहीत. ठेकेदाराकडून कागदावर अंदाज लिहून घ्या. तो कागद बैठकीत उपयोगी पडतो, कारण त्यावर तुमचं अक्षर नसतं.

पार्किंगबद्दल जरा थांबून सांगतो. ‘पार्किंगचे पाच लाख धरलेत’ असं मालक सहज म्हणतात. बिल्डरला स्टिल्टमधलं, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधलं, आणि उघडं पार्किंग वेगळं विकता येत नाही, ती सामाईक जागा आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये मुंबईच्या एका सोसायटीच्या खटल्यात दिला. मोफा, म्हणजे महाराष्ट्राच्या जुन्या फ्लॅट मालकी कायद्याखालच्या इमारतींना तो लागू पडतो आणि तुमची इमारत त्याच काळातली. त्यामुळे मालकाकडे बिल्डरची पार्किंगची पावती आहे एवढ्याने भागत नाही. सोसायटीने ती जागा त्यांना दिल्याची नोंद आहे का आणि फ्लॅटबरोबर ती तुमच्याकडे येणार का, हे सेक्रेटरींकडून लिहून घ्या. तसं पत्र मिळत नसेल, तर त्या पाच लाखांची चर्चाच करू नका.

रिडेव्हलपमेंटच्या नावाने वाढवलेला भावही असाच. तुमच्या इमारतीला तो प्रश्न अजून नाही, पण शोधताना १९८५ ची एखादी तीनमजली इमारत दिसेल आणि मालक म्हणेल, बिल्डर येऊन गेलाय, डबल होणार. पहिला प्रश्न विचारा: कन्व्हेयन्स झालंय का? जमीन अजून सोसायटीच्या नावावर नसेल, तर त्या आशेचे पैसे तुम्ही भरायचे काही कारण नाही.

तर १ कोटी १९ मधून साडेतीन गेले, राहिले १ कोटी साडेपंधरा. जागा तुम्हाला मनापासून आवडलीय, मुलांची शाळा जवळ आहे, तर त्यावर लाखभर जास्त द्या. १ कोटी साडेसोळा ही तुमची कमाल. ती कागदावर लिहा, दोघांनी सही करा आणि घरी ठेवा. सही करा हे गमतीने म्हणत नाहीये. बैठकीत मालकीण काकूंनी शिरा पुढे केला की नवरा-बायकोपैकी एकजण हमखास विरघळतो.

कमाल लिहिताना वरचा खर्चही खाली मांडा. पुण्यात मुद्रांक शुल्क सगळे अधिभार धरून ७ टक्के, म्हणजे ८ लाख १५ हजार ५००. नोंदणी फी ३० हजार. तुमचं कर्ज ७५ लाखांच्या वर जाणार, त्यामुळे बँक किमतीच्या फार तर ७५ टक्के देईल आणि ती किंमत म्हणजे करारातली रक्कम किंवा बँकेच्या मूल्यमापकाची रक्कम, यांतली जी कमी असेल ती. म्हणजे खिशातून २९ लाखांच्या वर, शिवाय शुल्क, मिळून साडेसदतीस लाख, दलाली वेगळी. सोसायटीचं हस्तांतर अधिमूल्य महापालिका हद्दीत २५ हजारांच्या वर घेता येत नाही. तरी काही ठिकाणी ‘देणगी’ मागतात, ती कोण भरणार हे आधीच बोलून घ्या. आणि खरेदी फक्त बायकोच्या नावावर केलीत तर शुल्कात एक टक्का सूट आहे. १ लाख १६ हजार ५०० रुपये, मालकाशी एक शब्दही घासाघीस न करता. एजंटने लाख-दोन लाख सुटतील म्हटलं होतं, त्यातला एक इथेच सुटला.

आता पहिला आकडा. इथे आपल्याकडची एक जुनी सवय कामाला येते आणि तीच गळ्यातही पडते. बैठक अडली की कुणीतरी वडीलधारा म्हणतो, ‘तुमचंही राहू दे, यांचंही राहू दे, मध्य काढा.’ निम्मे व्यवहार असेच मिटतात. तुम्ही १ कोटी ११ म्हणालात आणि समोर १ कोटी २८ असेल, तर मध्य येतो १ कोटी साडेएकोणीस. तुमच्या कमालीच्या तीन लाख वर. म्हणून १ कोटी २८ समोर असताना बोलीच लावायची नाही. एजंटला सरळ विचारा, ‘टेबलवर बसल्यावर किती?’ प्रत्येक मालकाने एजंटला एक दुसरा आकडा दिलेला असतो. तुमच्या बाबतीत, पाच महिने फ्लॅट पडून आहे म्हटल्यावर, तो १ कोटी २२ च्या आसपास असावा असा माझा अंदाज. तो बाहेर आला की मग तुम्ही १ कोटी ११ म्हणा. १ कोटी २२ आणि १ कोटी ११ यांचा मध्य किती, ते बघा.

मागणीच्या मानाने १ कोटी ११ म्हणजे सव्वातेरा टक्के कमी, आणि साडेसोळाला मिटलं तर नऊ टक्के. हा नऊचा आकडा पुढच्या फ्लॅटला वापरू नका, तिथे दोन असेल किंवा पंधरा.

बोली कशी मांडता यावरही बरंच अवलंबून आहे. नुसता आकडा फेकू नका. एजंटला असा मेसेज पाठवा, तो मालकांना पुढे पाठवेलच:

‘काका, फ्लॅट आम्हा दोघांना आवडला. जवळचे नोंदलेले व्यवहार आणि न्हाणीघरांच्या कामाचा अंदाज धरून आम्ही १ कोटी ११ लाखांपर्यंत पोहोचतोय. पूर्ण रक्कम चेकने. बँकेची कर्जमंजुरी हातात आहे. ठरलं की त्याच दिवशी टोकन, तीन आठवड्यांत करारनामा. तुम्हाला बाणेरची जागा ताब्यात मिळेपर्यंत दोन-तीन महिने इथे राहायचं असेल तर आमची हरकत नाही. अंदाजपत्रक सोबत जोडलंय.’

यातलं शेवटून दुसरं वाक्य सगळ्यात महागाचं आहे. निवृत्त माणसाला दोन लाखांपेक्षा दोनदा सामान हलवायची भीती जास्त असते. मालकाची अडचण काय आहे हे बोली लावण्याआधी कळायला हवं. बाणेरला बुकिंग झालंय का, त्यांचे हप्ते सुरू झालेत का? या फ्लॅटवर कर्ज बाकी आहे का? वारस किती? फ्लॅट वडिलांच्या नावावर होता आणि आता तीन भावंडं आहेत, तर नॉमिनी एकटा विकू शकत नाही. सगळ्यांच्या सह्या किंवा हक्कसोडपत्र लागतं. एखादी बहीण अमेरिकेत असेल, तर चार महिने धरा आणि त्या चार महिन्यांची किंमत बोलीतून वजा करा. विकणारा अनिवासी भारतीय असेल, तर आधी सीएकडे जा. निवासी मालकाला ५० लाख किंवा त्यावरच्या व्यवहारात तुम्ही एक टक्का टीडीएस कापून भरता. अनिवासीला तो दर लागत नाही, बराच जास्त लागतो आणि चुकलात तर आयकर खातं तुम्हाला धरतं.

रोख काही मागितलीच, ‘पंधरा इकडे, बाकी चेक’, तर मी सरळ उठायला सांगतो. स्थावर मिळकतीत २० हजार किंवा जास्त रोख घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो, तुमचं कर्ज त्या प्रमाणात कमी होतं, आणि उद्या तुम्ही विकाल तेव्हा ते पंधरा लाख तुमचा नफा म्हणून दिसतील.

घासाघीस जमली म्हणून किती खाली जायचं, याला एक तळ आहे: रेडी रेकनर. तुमच्या भागात बाजार रेकनरच्या वर आहे, त्यामुळे बहुधा प्रश्न येणार नाही. पण एखाद्या अडलेल्या मालकाकडून फारच स्वस्तात मिळालं, तर लक्षात ठेवा, मुद्रांक शुल्क रेकनर आणि करार यांतल्या मोठ्या रकमेवरच बसतं. आणि करार रेकनरपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त खाली असेल, तर आयकर खातं तो फरक तुमचं उत्पन्न धरतं. स्वस्तात मिळाल्याचा आनंद मग विवरणपत्र भरताना ओसरतो.

माझ्या हातून मोडलेला एक व्यवहार सांगतो. कर्वेनगरमध्ये एका निवृत्त शिक्षिकाबाईंचा फ्लॅट होता. माझी पार्टी, तिशीतला हुशार मुलगा, तो सगळे दोष मोठ्याने मोजत फिरत होता. मी त्याला थांबवायला हवं होतं, थांबवलं नाही, कारण मनात म्हटलं भाव खाली येईल. स्वयंपाकघरात तो म्हणाला, ‘ओटा कुणी केलाय हा असला? एवढा खाली?’ बाई काही बोलल्या नाहीत. त्या जेमतेम पावणेपाच फूट उंच होत्या, यजमानांनी त्यांच्या मापाने तो ओटा चार इंच खाली बांधून घेतला होता. हे मला नंतर कळलं. मुलाने नंतर दोन लाख वाढवले, मग आणखी एक. बाईंनी दुसऱ्याच कुटुंबाला दिला, आमच्या शेवटच्या आकड्यापेक्षा दीड लाख कमीने. म्हणून ठेकेदाराचा कागद. दोष कागदाने सांगायचे, घरात फिरताना तोंडाने ‘खिडक्या छान आहेत’ एवढंच म्हणायचं. तुमच्या या काका-काकूंनी त्या घरात बहुतेक वीस वर्षं काढलीत.

उलटंही होतं. कधीकधी इंडेक्स टू बघितल्यावर कळतं की मागणीच खरी आहे किंवा लाखभर कमी आहे. तेव्हा कमी करायचा हट्ट धरू नका. भुसारी कॉलनीतल्या एका अशाच फ्लॅटला माझ्या एका ग्राहकाने ‘थोडं तरी कमी करायलाच हवं’ म्हणून तीन लाखांसाठी चार दिवस लावले. पाचव्या दिवशी मालकांनी टोकन घेतल्याचा फोन आला, अर्थात दुसऱ्याकडून. अशा वेळी मान राखायला मालकाला फार तर ‘पडदे आणि गिझर राहू द्या’ म्हणा आणि टोकन द्या.

बिल्डरकडून नवीन घेताना हे गणित निराळं चालतं. तो भाव सहसा फोडत नाही, कारण एकाचा दर नोंदला गेला की बाकीचे तोच मागतात. तिथे पार्किंग, वरच्या मजल्याचा जादा आकार, मुद्रांक शुल्क असल्या गोष्टींत सुटतं.

तुम्ही १ कोटी ११ पाठवलंत आणि काका म्हणाले, ‘परवडत नाही’, तर त्याच संध्याकाळी पुन्हा फोन करू नका. एजंट तुम्हाला तीनदा करेल, ‘अजून एक पार्टी आहे’ असंही म्हणेल. कधीकधी खरंच असते. आठवडाभर थांबा, दुसरे दोन फ्लॅट खरोखर बघा, मग एकच पाऊल वर या, १ कोटी १४. पुढचं पाऊल याच्यापेक्षा लहान, म्हणजे तुमचं संपत आलंय हे समोर कळतं. पितृपक्ष जवळ असेल आणि तुम्ही मानत नसाल, तर तो पंधरवडा साधा. त्या दिवसांत मालकांचा फोन वाजत नाही आणि दसऱ्याला व्हायचा भाव त्यांना अजून दिसत नसतो. टोकनच्या पावतीवर मात्र दोन ओळी घालूनच घ्या: कर्ज नामंजूर झालं किंवा वकिलाच्या सर्चमध्ये मालकीची खोट निघाली, तर टोकन अमुक दिवसांत परत. मोघम पावतीवर अडकलेली टोकनं सोडवण्यात माझे कितीतरी रविवार गेलेत.

आणि मेव्हण्यांना बैठकीला नेऊ नका.